नकोचं बटण

सत्तूकाकी खवणेकर मोबाईल आणते
दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
काचेवर पेडव्याचे खवले चिकटलेले.
मी नखाने खरवडतो, खालून उगवतं:
अभिनंदन! आता आणखी पुढे जा.
काकी म्हणते, "ह्येका नको म्हणूचा हा.
खंय दाबू?"

सर्जेकोटला सुकती लागलीय.
होड्या कुशीवर निजल्यात चिखलात.
बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली:
रिचार्ज, आधार, झेरॉक्स,
आणि एक जुना लॅपटॉप,
ज्यात माझं 'वाटो' मेलं.

तीनशे बारा माणसं वापरायची 'वाटो'.
पहाटेचा दर, वाऱ्याचा कल,
कुणाची होडी दांडीच्या खडकापर्यंत आली.
खालचा नकाशा कंपनीचा. फुकट.
"बांधा आमच्यावर," म्हणाले होते,
"आमची जमीन ती तुमचीच."
कुठल्यातरी खोतानेही
असंच सांगितलं असेल कधी कुळाला.

मग एका रात्री, दोन वाजता, पत्र:
एक तारखेपासून
नकाशा उघडला की पैसे.
मी हिशेब मांडला. होडीच्या डिझेलहून महाग.
विनवणी लिहिली, चार ओळींची.
उत्तर क्षणात आलं, म्हणजे कुणी वाचलंच नव्हतं:
तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

आणि मग त्यांचीच पोरं उतरली जेटीवर
केशरी टी-शर्ट घालून.
पहिलं वर्ष सुरमईला
लिलावाहून साठ रुपये चढे.
कोण उभं राहणार मग लिलावाला?
पुकारा करणारा बस्त्याव
मालवणात रिक्षा चालवू लागला.
त्यानंतर कापले शेकडा आठ,
मग अठरा,
गणपती झाल्यावर सत्तावीस.
ट्रक अडकला करूळ घाटात,
बर्फाचं पाणी झालं,
तारे कापले गेले काकीचे.
काकी आभाळाकडे बघत म्हणाली,
"माझे खंयचे तारे?"

रापणीला हात लावला की
शेंबड्या पोरालाही वाटो मिळतो.
मूठभर, पण मिळतो.
इथे अख्ख्या गावाने दोर ओढला,
आणि वाटो मागितला तर विचारतात
कुठल्या अटीत लिहिलंय.

काकीला एक सांगितलेलं नाही मी.
हे बटण माझं आहे.
'वाटो'च्या आधी दोन वर्षं
बाणेरला, चौथ्या मजल्यावर,
मी ह्याच कंपनीत 'वाढ' खात्यात होतो.
आधी 'नको' हिरवं होतं, चांगलं ठसठशीत.
म्हणाले, जरा फिकट कर.
आणखी फिकट.
मी पुळणीचा रंग दिला, पुळणीवरच.
गावाकडचाच रंग, चटकन सुचला.
आठवड्यात नको म्हणणारे
शेकडा नऊ कमी झाले.
केक आला. मी दोन तुकडे खाल्ले.

भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ असायची,
फक्त वर जाणारी.
खाडीकाठी वाढलेला मी,
मला तरी विचारायला हवं होतं
हिची सुकती कधी.

काकीचं बोट ओलं आहे, काच ओळखत नाही.
मी ते सदऱ्याला पुसतो, धरून नेतो
खालच्या कडेला, जिथे काहीच दिसत नाही.
दाबतो.
खात्री आहे?
दाबतो.
पिवळं रडकं तोंड येतं: आम्हाला सोडून जाणार?
"कितीदा इचारता रे ह्या?" काकी वैतागते,
"माझो घोव पन एकदाच इचारी."
तिसऱ्यांदा दाबतो.
पडदा पांढरा होतो.

"झाला?"
झालं.
"मगे फाल्या लिलाव कोन पुकारतलो?"
मी बस्त्यावचा नंबर शोधत राहतो.

टोपलीत हात घालून ती पाच पेडवे काढते,
झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवते.
"हो तुझो वाटो."
जिना उतरून जाते.

कागद हळूहळू ओला होत जातो.